अनुभव धागा: मोगली कुणी कुणी वाचलाय?

काल रात्री लेकीला 'जंगल बुक' वाचून दाखवत होतो, शेरखान मरतो तिथं आलो आणि माझाच आवाज अडकला. पाचवीत असताना वाचनालयातनं आणलेल्या पुस्तकाची नेमकी तिथलीच पानं कुणीतरी फाडलेली. मोगली गावातली म्हसरं राखतोय, शेरखान घळीत दडून बसलाय आणि पुढं थेट मागचं कव्हर! आज्जा गोठ्यात सांजच्या धारा काढत होता, त्याला रडत सांगितलं. कोल्हापुरात गंगावेशीत दूध घालायचा तो, शाळा दुसरी. त्यानं एवढंच विचारलं, वाघ जेवलाय का? म्हटलं, व्हय, डुक्कर खाऊन वर पाणी पिलाय. "मग मेला. भरल्या पोटी घळीची कड चढायला यायची न्हाई त्याला, दोन्हीकडनं म्हसरं घातली की चिखल." कासंडी उचलली आणि गेला. तीस वर्षांनी काल ते पान वाचलं, तस्संच आहे! अकेला लांडगा कळप फोडतो आणि रामा रेड्यावर बसून मोगली वरनं घुसतो. आज्जा आता नाही. तुमचं सांगा.

पेठेतला पैलवान: आज्जा नाद खुळा भावा!! पाडव्याला म्हशी बिनसायलेन्सरच्या गाडीमागं पळताना बघितल्यात आम्ही, शेरखानचं काय झालं असंल ते सांगायला पुस्तक लागत न्हाई

कुकरची शिट्टी: आमचा मोगली टीव्हीतला, ९३ सालचा, दूरदर्शनवर रविवारी. शेरखानला नाना पाटेकरचा आवाज, लाईट गेली की अख्खी गल्ली बोंबलायची. पुस्तक आत्ता मुलामुळं वाचलं, बघीरा उदयपूरच्या राजवाड्यात पिंजऱ्यात जन्मलेला आणि हनुवटीखाली अजून पट्ट्याची खूण, हे कुठं माहीत होतं आपल्याला. थांबा, तिसरी झाली

शंकासुर: लहानपणी मला कळायचंच नाही की सगळे सारखं 'का, का' काय विचारतायत, मग कळलं अजगराचं नावच 'का' आहे 😂 पुस्तकात तो दोस्त आहे बरं, माकडांनी पळवलेल्या मोगलीला सोडवायला तोच जातो, सिनेमावाल्यांनी उगाच व्हिलन केला. आणि किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५, जेजे स्कूलच्या आवारात, पण १८९४ चं हे पुस्तक लिहिलं अमेरिकेत थंडीत बसून, मध्य प्रदेशातलं शिवनीचं जंगल तिथनं! साहेबाचं राजकारण आपल्याला पटणारं नव्हतं, पण लिहायचा भारी.

रंकाळ्याचं वारं: मी मावशीकडं वाढले. मोगली जंगल सोडताना पहिल्यांदा रडतो, त्याला वाटतं आपण मरायला लागलो, मग बघीरा सांगतो हे नुसते आसू आहेत, माणसांना येतात. ते वाचलेलं दहावीच्या सुट्टीत. पुढं पुण्याला शिकायला निघाले, स्टँडवर मावशी हलली नाही एसटी सुटेपर्यंत, तिनं दिलेला भडंगाचा पुडा मी साताऱ्यापर्यंत फोडला नाही.

कुकरची शिट्टी: ताई 😔 मावशी बऱ्या आहेत ना आता?

रंकाळ्याचं वारं: हो गं, ८१ ची आहे, मी गेले की अजून भाकरी मोजून वाढते

दाजीपूरकर: वाघाचं सोडा, आमच्याकडं गवा रस्त्यात उभा राहिला की एसटीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून निवांत तंबाखू मळतो. हॉर्न मारायचं काम नाही.

(धागा काढणारा): सगळ्यांचं वाचतोय, दुकानात गिऱ्हाईक आहे. लेकीनं सकाळी शाळेत सांगितलंय, माझ्या पणजोबांनी वाघ मारलेला. बाईंचा फोन आलाय 🤦

पेठेतला पैलवान: खोटं काय त्यात? बरं दाजीपूर अभयारण्यात सध्या आत सोडतात काय, रविवारी चौघं यायचं म्हणतोय बुलेटवरनं

दाजीपूरकर: पावसाळ्यात बंद असतंय, दिवाळीनंतर या. आणि सायलेन्सर लावून या, गवा म्हंजे पाडव्याची म्हस न्हवं