लिपिड प्रोफाइल नॉर्मल, तरी फुप्फुसातल्या पेशींत कोलेस्टेरॉल कसं साठतं?

प्रश्न
सीओपीडीत (श्वासमार्ग अरुंद होणारा जुनाट फुप्फुसविकार) वायुकोशांतल्या मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या, पेशी चरबीने फुगलेल्या दिसतात, पण त्याच रुग्णाचं रक्तातलं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) अगदी नॉर्मल असू शकतं. मग ही चरबी येते कुठून, आणि तिने दाह कसा वाढतो? स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) दिलं तर फुप्फुसाला उपयोग होईल का?

प्रतिसाद १
बरीचशी येते सर्फॅक्टंटमधून. वायुकोशांच्या आतल्या या पातळ थरात वजनाने सुमारे ९० टक्के लिपिड (चरबी) असतं, त्यात थोडं कोलेस्टेरॉल. वापरून झालेलं सर्फॅक्टंट मॅक्रोफेज गिळतात. त्यातलं मुख्य लिपिड, फॉस्फोलिपिड, पचतं, पण कोलेस्टेरॉलची कडी तोडणं त्यांना जमत नाही. ते एस्टर (साठवणीचं रूप) करून थेंबांत साठवायचं, नाही तर एबीसीए१ आणि एबीसीजी१ या वाहक प्रथिनांमार्फत बाहेर टाकायचं. सिगारेटच्या धुराने ही वाहकं मंदावतात. आवक चालू, जावक तुंबलेली. एबीसीजी१ नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत साध्या आहारावरही चरबी साचत जाते, आणि त्यांच्या रक्तात त्याचा पत्ताही लागत नाही.

प्रतिसाद २
दाहाचं सांगतो. पेशीपटलात कोलेस्टेरॉल वाढलं की लिपिड राफ्ट (पटलातले कोलेस्टेरॉलने दाट झालेले तुकडे) वाढतात आणि टीएलआर४ हे जिवाणू ओळखणारे ग्राहक तिथे गोळा होतात. मग जिवाणूंच्या थोड्याशा एन्डोटॉक्सिनलाही (जिवाणूंच्या आवरणातलं विष) पेशी जोरात प्रतिसाद देते. आत कोलेस्टेरॉलचे स्फटिक झाले तर लायसोसोम (पेशीतली पचनाची पिशवी) फाटतो, एनएलआरपी३ हे धोका ओळखणारं प्रथिन जागं होतं आणि आयएल-१ बीटा हा दाह वाढवणारा संदेश सुटतो. एवढं करून अशी पेशी मेलेल्या पेशी उचलण्यात मागे पडते, म्हणजे दाह विझवणारं कामच अडतं. मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद ३
स्टॅटिनबद्दल: २०१४च्या स्टॅटकोप चाचणीत सीओपीडीच्या ८८५ रुग्णांना रोज ४० मिग्रॅ सिम्व्हास्टॅटिन (एक स्टॅटिन) किंवा प्लासिबो (औषध नसलेली गोळी) दिलं. आजार उसळण्याचं प्रमाण माणशी वर्षाला सिम्व्हास्टॅटिनवर १.३६ वेळा आणि प्लासिबोवर १.३९ वेळा, म्हणजे फरक नाही. मात्र हृदयासाठी ज्यांना स्टॅटिन लागतं, त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. त्यामुळे फुप्फुसासाठी म्हणून सुरू करू नका, पण हृदयासाठी चालू असलेलं या आकड्यांवरून बंदही करू नका.

आणि हे कृपया नीट वाचा: छातीच्या संसर्गात क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक लिहून दिलं, तर सिम्व्हास्टॅटिन त्या दिवसांत थांबवावं लागतं. त्याने यकृतातलं सीवायपी३ए४ हे औषधं मोडणारं एन्झाइम अडतं, सिम्व्हास्टॅटिनची पातळी कैक पटींनी चढते आणि स्नायू विरघळू शकतात. मांड्या-खांदे दुखू लागले, लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून सीके (स्नायूंच्या इजेची रक्तचाचणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) तपासून घ्या.