रॉक मैफलीची डिस्क घ्यायचीय, पण नेपथ्य बघण्यासाठी. कोणती घेऊ?

लाइटवाला_कर्वेनगर
फिरोदिया करंडकासाठी (पुण्यातली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा) एकांकिका बसवतोय, लाइट्स माझ्याकडे आहेत. दरवर्षी आमचा बँड एका कडेला बसून वाजवतो. यंदा दिग्दर्शकाला वादक गोष्टीच्या आत हवेत. असं कुठल्या रॉक कॉन्सर्टमध्ये केलंय? मोबाइलवर तुकडे बघितले, पण कॅमेरा सारखा गायकाच्या नाकात. अख्खं स्टेज दिसेल अशी डिस्क सुचवा. बजेट विद्यार्थ्याचं आहे.

नारायणपेठी
फिरोदिया म्हणतोयस म्हणजे लहान आहेस, तेव्हा अरेतुरे करतो.

इंग्लिश रॉक गायक पीटर गॅब्रिएलची ‘सीक्रेट वर्ल्ड लाइव्ह’ घे. नोव्हेंबर 1993, इटलीतलं मोडेना. नेपथ्यामागे रोबेर लपाज, म्हणजे कॅनडातला नाटकवाला माणूस, आणि ते पहिल्या मिनिटालाच कळतं. एक चौकोनी स्टेज, एक गोल, आणि दोन्ही जोडणारा लांब सरकता पट्टा. सुरुवातीला गॅब्रिएल लाल टेलिफोन बूथमध्ये उभा. गाता गाता रिसीव्हर घेऊन बाहेर येतो आणि सहगायिका पॉला कोलच्या दिशेने निघतो, ती पार दुसऱ्या टोकाला. वायर ताणली जाते, तो पुढे रेटतो, वायर मागे खेचते. गाणं आहे ‘माझ्याशी बोल’ अशा विनवणीचं. आता सांग, वेगळा अभिनय कशाला हवा? शेवटाकडे सगळे वादक एकेक करून एका सुटकेसमध्ये उतरतात आणि हा ती बंद करून उचलून चालू लागतो. तुझ्या दिग्दर्शकाला हेच हवंय.

व्हायोलिनवर एल. शंकर आहेत, ‘शक्ती’ या भारतीय-जॅझ फ्यूजन बँडमधले. तेवढ्यासाठीसुद्धा घ्यावी.

माझ्याकडे आधी हिची कॅसेट होती. मेव्हण्याने अमेरिकेहून आणलेली, म्हणजे तिकडच्या एनटीएससी पद्धतीची. आमच्या इकडच्या पाल पद्धतीच्या व्हीसीआरवर नुसत्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या पळायच्या. ब्लू-रे 2012 मध्ये आली तेव्हा कुठे तो पट्टा नीट दिसला.

डेक्कन_जिमखाना
काका, फिल्म भारी आहे, वाद नाही. पण सरकता पट्टा आणि त्या सुटकेससाठी स्टेजला भोक या पोरांना कोण देणार? मिळणाऱ्या वेळात नेपथ्याचे फ्लॅट (कापडी चौकटी) उभे राहिले तरी नशीब.

‘स्टॉप मेकिंग सेन्स’ बघ. बँड टॉकिंग हेड्स, दिग्दर्शक जोनाथन डेमी, डिसेंबर 1983 मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात चित्रित, 1984 मध्ये प्रदर्शित. बँडचा गायक डेव्हिड बर्न एकटा येतो, हातात गिटार, टेपरेकॉर्डर खाली ठेवतो. मागे रिकामं स्टेज, शिड्या, उघडी भिंत. पुढच्या गाण्याला बेसवाली येते. मग काळ्या कपड्यातले बॅकस्टेजवाले ड्रम ढकलत आणतात, सगळ्यांसमोर. गाण्यागणिक माणसं वाढतात, स्टेज भरत जातं. बँड गोष्टीत कसा आणायचा, तर असा.

आणि तू लाइटवाला आहेस म्हणून: दिव्यांवर रंगीत जिलेटिनं जवळजवळ नाहीतच, पांढरा उजेड. एका गाण्यात तो खालून मारलाय आणि सावल्या मागच्या पडद्यावर राक्षसाएवढ्या. एका गाण्यात बर्न घरातल्या उभ्या दिव्याबरोबर नाचतो. खर्च काय, तर एक दिवा. प्रेक्षकांचे चेहरे शेवटापर्यंत जवळपास दाखवतच नाहीत, त्यामुळे नजर स्टेजवरच राहते. तुझी नाकाची तक्रार इथे बरीच कमी होईल.

बर्न अंगात घालतो तो अवाढव्य सूट मात्र ढापू नकोस. सगळे तोच ढापतात.

नारायणपेठी
कबूल. पट्ट्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तरी फोनची वायर फुकट आहे, ती घेच.

डिस्कवेडा_सिंहगडरोड
मागवण्याआधी डिस्कच्या खोक्याच्या पाठीवरचं विभागाचं (रीजनचं) अक्षर बघा. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात, अमेरिका ‘ए’ मध्ये. नुसतं ‘ए’ असेल तर आपल्याकडचा प्लेअर डिस्क नाकारू शकतो. ‘ए बी सी’ तिन्ही असतील तर बिनधास्त. डीव्हीडीला आपला आकडा पाच; शून्य लिहिलेली कुठेही चालते. टॉकिंग हेड्सची 4के प्रत 2023 मध्ये नव्याने झाली आहे, जुनी घेऊ नका.

लाइटवाला_कर्वेनगर
सगळ्यांचे आभार. दिग्दर्शकाला दिव्याचं पटलंय, वायरचं त्याहून जास्त. उभा दिवा स्वस्तात कुठे मिळेल?

नारायणपेठी
रविवारी सकाळी लवकर जुन्या बाजारात जा. पहिला भाव ऐकून हसायचं आणि पुढे चालायला लागायचं. होल्डर मात्र नवा बसव, तुमचा नट नाचणार आहे त्या दिव्याबरोबर.