बेताच्या बजेटात छोटी सेकंड हॅन्ड गाडी: ॲव्हरेज बघू की कंडिशन?

नवा_चालक
वापर वर्षाला साधारण १०,००० किमी, त्यातही बहुतेक फेऱ्या शहरातल्या, ४-५ किमीच्या. कर्ज काढायचं नाही. दोन गाड्यांवर येऊन थांबलोय.
अ) ६ वर्षांची १.२ लिटर पेट्रोल, मॅन्युअल, रीडिंग ४६,०००.
ब) ९ वर्षांची डिझेल, रीडिंग १ लाख १० हजार. अ पेक्षा स्वस्त, शिवाय ॲव्हरेज जास्त.
मन ब कडे झुकतंय. सगळे पैसे गाडीतच घालावेत का? आणि मेकॅनिकला न्यायच्या आधी स्वतः काय तपासता येईल?

पाना_पक्कड
ब सोडा. ४-५ किमीत डिझेल इंजिन धड तापतसुद्धा नाही. त्या गाडीला डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी धरणारा फिल्टर असेल, तर ती काजळी जाळायला फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं, तेवढ्यात तुम्ही गाडी बंद करता. फिल्टर तुंबत जातो आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं, तर समजा हेच चाललंय. वर इंजेक्टर, टर्बो आहेतच. यातलं एक काम निघालं की स्वस्ताई संपली.

ॲव्हरेजचा हिशोब एकदा कागदावर करा. १०,००० किमीला १८ च्या ॲव्हरेजने ५५६ लिटर लागतात, २२ च्या ॲव्हरेजने ४५५. फरक वर्षाला शंभर लिटरचा. एका क्लचच्या कामात एवढे पैसे सहज जातात. म्हणून तुमच्या वापराला कंडिशन आधी, ॲव्हरेज नंतर. बजेटातले १५-२० टक्के बाजूला ठेवा. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी, टायर यातलं काही ना काही पहिल्या दोन महिन्यांत निघतंच.

गॅस्केट
+१. आता अ बद्दल. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं, हे आधीच सांगून ठेवा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी मुद्दाम तापवून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी सकाळी या.

थंड इंजिनावरच कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं झाकण उघडा. पाणी गढूळ, तेलकट किंवा गंजाच्या रंगाचं नको. ऑइल भरायच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा थर दिसला तर दचकू नका, छोट्या फेऱ्यांच्या गाडीत नुसत्या वाफेनेही तो येतो. पण त्याच्या जोडीला कूलंट कमी असेल, चालू इंजिनात कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील गेलंय. तिथूनच परत फिरा.

स्टार्ट करताना एकाने सायलेन्सरच्या मागे उभं राहायचं. सुरू होताना निळा धूर भसकन येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, ॲक्सिलरेटर दाबून चालवताना सतत येत राहिला तर पिस्टन रिंग. सील परवडतात. रिंग म्हणजे इंजिन खोलणं. पांढरा धूर थंडीत सगळ्याच गाड्या सोडतात. इंजिन तापल्यावरही थांबेना आणि गोडसर वास आला, तर कूलंट जळतंय.

तिसरा_गिअर
धुराइतकीच क्लचची परीक्षा महत्त्वाची, कारण शहरात आधी तोच जातो. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा पळाला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच सरकतोय. रिकाम्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा. कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सीव्ही जॉइंट गेलाय. वेगासोबत वाढणारी घरघर वळणावर कमी-जास्त झाली तर व्हील बेअरिंग. ही दोन्ही कामं होण्यासारखी आहेत, भाव पाडायला वापरा.

ब्रेक पेडल इंजिन चालू ठेवून अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली बसलं तर मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलला दाब देणारा पंप) खराब किंवा कुठेतरी गळती.

टायरच्या बाजूला चार आकडे एकत्र असतात. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या सालचे असतील तर का ते विचारा. एकाच कडेने झिजलेला टायर अलाइनमेंट किंवा वाकलेला सस्पेन्शन पार्ट सांगतो.

स्कॅनरवाला
साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड मोबाइलवर दाखवणारं यंत्र घेऊन जा. 'एरर नाही' एवढ्यावर खूश होऊ नका, कोड पुसायला दहा सेकंद लागतात. मॉनिटरची, म्हणजे गाडी स्वतःच्याच करते त्या तपासण्यांची यादी बघा. बरेचसे 'अपूर्ण' असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासूनचं अंतरही दिसतं. तिथे १२ किमी आलं तर मालकाला नुसतं विचारा आणि चेहरा बघा.

तापल्यावर कूलंट ८५ ते १०५ अंशांत हवं. पंचवीस मिनिटं चालवूनही ७० वर अडकलं तर थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) उघडाच राहिलाय. पार्ट किरकोळ, पण तोवर इंजिन थंड समजून जादा पेट्रोल ओढत राहतं. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, शून्याच्या दोन्हीकडे ५ टक्क्यांत उत्तम, १० च्या पुढे गेलं तर काहीतरी बिघडलंय.

४६,००० वर माझा विश्वास लगेच बसणार नाही. पेडलचं रबर, स्टेअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, सगळं रीडिंगशी जुळतं का बघा. स्टेपनी काढून खालचा पत्रा पाहा. तिथली घडी किंवा नवा रंग म्हणजे मागून ठोकलेली गाडी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाचे डाग म्हणजे गाडी पाण्यात होती. अशी गाडी फुकट मिळाली तरी नको, वायरिंग वर्षानुवर्षं छळतं.

नवा_चालक
ब कटाप. आज अ पाहिली. धूर नाही, क्लच ठीक, मॉनिटर पूर्ण. टायर चारही मूळचे, ६ वर्षांचे. टायमिंग बेल्ट (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह ताळ्यात ठेवणारा पट्टा) रबरी आहे, बदलल्याची नोंद नाही. मालक म्हणतात, रीडिंग कमी आहे, अजून चालेल.

पाना_पक्कड
रबर किमीने झिजतं तसं वर्षांनीही कडक होतं. कंपनीच्या पुस्तकात किमी आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते धरायचं. नोंद नाही म्हणजे बदललेला नाही असंच समजा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड खोलावं लागतं.

बेल्ट आणि तो ताणून धरणाऱ्या, फिरवणाऱ्या पुली (टेन्शनर, आयडलर) असा पूर्ण किट घ्या. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही आत्ताच बदला, नाहीतर पंप गळला की तीच मजुरी परत. किट आणि चार टायर यांचं लेखी कोटेशन आणा, मालकासमोर ठेवा आणि तेवढी रक्कम कमी करून मागा. काम झाल्यावर तारीख आणि रीडिंग लिहिलेला स्टिकर बेल्ट कव्हरवर लावून घ्या.

तिसरा_गिअर
टायर मूळच्याच साइजचे घ्या. रुंद घातले की दिसायला भारी, पण ॲव्हरेज घटतं.