मदत हवी आहे: पदसमूह आणि उपवाक्य यांतला फरक मुलांना कसा समजवावा?

वर्गपाठ_इंदूर: क्रियापद असेल तर उपवाक्य, नसेल तर पदसमूह, असे मी शिकवणीतल्या मुलांना सांगितले. तरीही 'पाऊस पडल्यावर सराफ्यातली गर्दी पांगली' या वाक्यातल्या पहिल्या दोन शब्दांखाली, म्हणजे 'पाऊस पडल्यावर' याखाली, सगळी मुले 'उपवाक्य' असेच लिहितात. चाचणी परवा आहे, कृपया लवकर सुचवावे.

कृष्णपुरा: इयत्ता कोणती आणि पेपर कोणत्या भाषेचा, हे आपण लिहिलेच नाही. आपल्याकडे बहुतेक मुले व्याकरण हिंदीतूनच शिकतात.

वर्गपाठ_इंदूर: इयत्ता नववी, पेपर हिंदीचा; परंतु मुले मराठी घरांतली असल्यामुळे उदाहरणे मी मराठीतून देते.

शुद्धलेखनप्रेमी: आधी मुलांकडून रोज एक पान शुद्धलेखन करून घ्यावे. ऱ्हस्व-दीर्घ पक्के झाले की व्याकरण आपोआप येते.

माळवा_मास्तर: शुद्धलेखनाचा येथे काय संबंध? ताई, आपला नियम अर्धा आहे. 'पडल्यावर' हे धातुसाधित, म्हणजे धातूला प्रत्यय लागून झालेला शब्द आहे, त्याने विधान पुरे होत नाही. मुलांना काळ बदलायला सांगावा: पाऊस पडल्यावर गर्दी पांगली, पांगते, पांगेल; 'पडल्यावर' जागचे हलत नाही. उलट जेव्हा पाऊस पडला तेव्हा पांगली, पडतो तेव्हा पांगते, पडेल तेव्हा पांगेल. येथे दोन्ही क्रियापदे बदलतात, म्हणून 'जेव्हा पाऊस पडला' हे उपवाक्य.

तर्कट: 'पडणे' या क्रियेला 'पाऊस' हा स्वतःचा कर्ता आहे. आधुनिक इंग्रजी व्याकरणांत अशा रचनेलाही उपवाक्यच मानतात, मग मुलांचे चुकले कुठे?

माळवा_मास्तर: आपला मुद्दा भाषाशास्त्राच्या वर्गात मान्य करीन, परंतु शालेय व्याकरणात हे केवल वाक्यच, म्हणजे एकच विधान असलेले वाक्य, धरतात आणि गुण त्यालाच मिळतात.

कृष्णपुरा: मी 'पाऊस पडला म्हणून गर्दी पांगली' हे मिश्र वाक्य (एक प्रधान वाक्य आणि त्यावर अवलंबून असलेले उपवाक्य) म्हणून शिकवतो, तेही मुलांना चटकन कळते.

माळवा_मास्तर: ते संयुक्त वाक्य झाले. परिणाम दाखवणारे 'म्हणून' दोन प्रधान वाक्ये जोडते, त्यामुळे मुलांचा गोंधळ वाढेल.

वर्गपाठ_इंदूर: काळ बदलण्याची युक्ती आज करून पाहिली, बहुतेकांना जमली. मात्र एकीने विचारले, 'आई म्हणाली की थांब' यातल्या 'थांब'चा काळ कसा बदलायचा?

माळवा_मास्तर: तो आज्ञार्थ आहे, तेथे वचन बदलावे: थांब, थांबा. 'पाऊस पडल्यावर'च्या जागी 'सरी पडल्यावर' केले, तरी 'पडल्यावर' तसेच राहते.