पेठांमधून फिरताना कॅमेऱ्यावर कायम कोणती लेन्स ठेवावी?

नवखा पादचारी (प्रश्न)

सर्वांस नमस्कार. सहा महिन्यांपूर्वी मी मामेभावाकडून त्याचा वापरलेला निकॉन डी५६०० घेतला. त्यासोबत १८-५५ मिमीची एएफ-पी लेन्स मिळाली असून आजवरची सर्व छायाचित्रे मी तिच्यावरच काढली आहेत. रविवारी सकाळी पुण्याच्या कसबा पेठेतून निघायचे, तांबट आळी, रविवार पेठ आणि तुळशीबाग करत मंडईपाशी पोहोचायचे आणि चहा घेऊन परत फिरायचे, असा माझा दोन-अडीच तासांचा ठरलेला क्रम आहे. रस्त्यात धूळ आणि गर्दी असल्यामुळे लेन्स बदलण्याची मला भीती वाटते. म्हणून घरातून निघताना लावलेली लेन्स घरी परतेपर्यंत काढावी लागू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

अडचणी दोन आहेत. तांबट आळीत एका वयस्क कारागिरांनी मला दुकानात येऊन फोटो काढण्याची परवानगी दिली. ते घंगाळ मठारत होते आणि उजेड काय तो दारातून येईल तेवढाच होता. घरी येऊन पाहिले तर चेहरा ठीक आला होता, पण हातोडीच्या जागी नुसता करडा फराटा होता आणि तांब्यावरच्या ठोक्यांच्या खुणा दाण्यांमध्ये हरवल्या होत्या. त्या छायाचित्राची नोंद अशी आहे: ३५ मिमी, एफ/४.५, १/४० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ६४००. दुसरी अडचण मंडईतली. भाजीच्या ढिगामागे बसून चिल्लर मोजणाऱ्या एक आजी मला लांबून दिसल्या. ५५ मिमीला त्या फारच लहान दिसत होत्या, आणि मी जवळ जाईपर्यंत त्यांनी मान वर केली.

वाचनातून तीन पर्याय पुढे आले आहेत: निकॉनची १८-१४०, निकॉनचीच ३५ मिमी एफ/१.८ आणि सिग्माची १७-५० एफ/२.८. माझी मर्यादा वीस हजार रुपयांची आहे. वापरलेली लेन्स चालेल. शिवाय, कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स टाकाऊच असते, असे मला दोघा-तिघांनी ऐकवले आहे. त्यात तथ्य आहे का, हेही कृपया सांगावे.

एक खांदा, एक बॅग

मी १८-१४० गेली अनेक वर्षे वापरत आहे आणि आपली अट जशी आहे तशी वाचली तर उत्तर तेच आहे. वजन ४९० ग्रॅम, म्हणजे आपल्या सध्याच्या लेन्सच्या दुपटीहून अधिक असले, तरी मानेला त्याची सवय होते. पालखी पुण्यात येते त्या दिवशी वर पाऊस, खाली चिखल आणि चोहीकडे माणसे असताना मी कधी लेन्स काढलेली नाही. दिंडीची पूर्ण रांगही मिळाली आणि पलीकडच्या कट्ट्यावर टेकलेल्या वारकऱ्याचा चेहराही मिळाला.

उणे बाजूही सांगतो. ही लेन्स ४५ सेंटीमीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही. आपल्या लेन्सला पंचवीस सेंटीमीटर पुरतात, त्यामुळे तांब्याच्या भांड्यावरची नक्षी टिपताना हा फरक जाणवेल. अंधाऱ्या दुकानातही ती आपल्या आत्ताच्या लेन्सपेक्षा काही अधिक करून दाखवणार नाही. मंडईतल्या आजी मात्र नक्की मिळतील.

अंधारखोली

पहिल्या प्रतिसादात म्हटले आहे ते खरे आहे, पण त्यातून प्रश्न सुटत नाही. कारण आपल्या दोन अडचणी एका जातीच्या नाहीत. एक उजेडाची आहे, दुसरी अंतराची. दोन्हींवर सारखीच चालेल अशी लेन्स वीस हजारांत नाही, आणि जिथे ती थोडीफार जमते तिथे तिचे वजन असे असते की तिसऱ्या रविवारी कॅमेरा घरीच राहतो. त्यामुळे ‘सर्वांत चांगली कोणती’ हे विचारण्याऐवजी या दोनांपैकी कोणते छायाचित्र हुकल्याची हळहळ आपल्याला अधिक वाटली, ते पाहावे. प्रश्न वाचून मला तरी उत्तर स्पष्ट दिसते: तांबटांच्या छायाचित्राची प्रत्येक नोंद आपल्या लक्षात आहे, आजींच्या छायाचित्राची एकही नाही.

आता उजेडाचा हिशेब करू. एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठे. एफ/४.५ वरून एफ/१.८ वर आलो, तर ४.५ भागिले १.८ म्हणजे अडीच, आणि अडीचाचा वर्ग सव्वासहा. म्हणजेच सव्वासहापट प्रकाश. त्याच दुकानात, त्याच आयएसओवर, १/४० च्या जागी १/२५० सेकंद मिळतो. हातोडीचा फराटा होणे आणि हातोडी दिसणे यांतला फरक साधारण एवढाच असतो. लेन्समधील व्हीआर इथे उपयोगी पडत नाही, हे नवशिक्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. व्हीआर आपल्या हाताचा कंप सावरतो. समोरच्या माणसाचा हात तो थांबवू शकत नाही. आपल्या छायाचित्रात चेहरा ठीक येऊन हातोडी वाहून गेली, यातच ते दिसते.

एफ/१.८ ची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ३५ मिमीला एक मीटरवरून पूर्ण उघडे अ‍ॅपर्चर ठेवले, तर स्पष्ट येणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम सहा सेंटीमीटर असते. डोळे स्पष्ट आले तर भांडे विरते. दोन मीटरवर मागे सरकलो की हीच खोली वीतभर होते आणि काम भागते. मग प्रश्न येतो तो जागेचा. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिमी रुंद आहे. त्यावरून गणित केले, तर दोन मीटरवरून १८ मिमीला सुमारे २.६ मीटर रुंदीचा देखावा मावतो, ३५ मिमीला १.३ मीटर आणि ५५ मिमीला ८५ सेंटीमीटर. मांडी घालून बसलेला माणूस आणि त्याच्यासमोरचे घंगाळ १.३ मीटरमध्ये बसते; मागची भट्टी आणि भिंतीला टांगलेले बंब बसत नाहीत. ते चालणार असेल तर ३५ घ्यावी. २०० ग्रॅम वजनाची ती लेन्स लावली की कॅमेरा हाताला हलका लागतो आणि समोरच्यालाही बुजवत नाही, हा तिचा न लिहिलेला गुण आहे.

सिग्माची १७-५० मी दोन वर्षे वापरली. संपूर्ण झूमभर एफ/२.८ मिळते, त्यात व्हीआरसारखी सोयही आहे आणि चित्र उत्तम येते. पण ५६५ ग्रॅमची लेन्स आणि पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपासचा कॅमेरा मिळून गळ्यात एक किलोचा ऐवज होतो. लग्नकार्यात मी ती आजही आनंदाने नेईन. पेठेत फिरायला नेत नाही.

किट लेन्स टाकाऊ असते, हे मला मान्य नाही. एफ/८ वर, चांगल्या उजेडात, आपल्या लेन्सचे चित्र आणि तिच्या तिप्पट किमतीच्या लेन्सचे चित्र छापून शेजारी ठेवले, तर ओळखणारे विरळा. ती कमी पडते ती अंधारात, आणि तिथे ती कमी पडणारच.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी कराव्यात. आजवरच्या छायाचित्रांची फोकल लेंथनुसार, म्हणजे मिमीच्या आकड्यानुसार, वर्गवारी करावी, पण सगळ्यांची नव्हे, तर कोणाला दाखवावीशी वाटतील तेवढ्यांचीच. कारण टाकून द्यायच्या फोटोंत आपण झूमशी नुसतेच खेळलेलो असतो. दुसरे, एका रविवारी झूमची कडी ३५ वर आणून तिला कागदी चिकटपट्टी लावावी आणि ती घरी येईपर्यंत काढू नये. यात खर्च काहीच नाही, आणि ३५ मिमीशी आपले जमते की नाही हे आमच्या कोणाहीपेक्षा ती पट्टी चांगले सांगेल.

राहिल्या मंडईतल्या आजी. आजी तीन मीटरवर असतील आणि आपण मेथीची जुडी घेत असाल, तर त्या मान वर करूनही पुन्हा खाली घालतात. तिथे १४० मिमी लागत नाही, असा माझा अनुभव आहे. मेथी मात्र घरी न्यावी लागते.

रत्नागिरीकर

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे. वापरलेली लेन्स घ्यायची असल्यास मात्र माझ्या फजितीवरून दोन गोष्टी सांगणे भाग आहे.

माझ्याकडे आपल्याच मालिकेतला आधीचा कॅमेरा होता. एका दुकानदाराने ‘निकॉनची कुठलीही लेन्स बसते’ असे सांगून मला ५० मिमी एफ/१.८ डी विकली. ती बसली, त्याचे शब्द खोटे नव्हते. फक्त ती स्वतःहून फोकस करीना. डी अक्षराच्या त्या जुन्या लेन्समध्ये मोटर नसते आणि कॅमेऱ्यातील मोटरने ती फिरावी लागते. डी३००० आणि डी५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत ती मोटरच नाही. हाताने कडी फिरवून, व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका पेटण्याची वाट पाहत मी एक अख्खा शिमगा काढला. पालखी नाचवणारे कोणी माझ्या ठिपक्यासाठी थांबणार नव्हते. तेव्हा ३५ मिमी घेताना तिच्यावर ‘एएफ-एस’ (लेन्समध्येच मोटर) आणि ‘डीएक्स’ (आपल्या कॅमेऱ्याच्या आकाराच्या सेन्सरसाठी) ही अक्षरे आहेत याची खात्री करावी. त्या लेन्सचा आणखी एक फायदा असा की पुढेमागे निकॉनचा झेड मालिकेतला मिररलेस कॅमेरा घेतलात, तर एफटीझेड अडॅप्टर लावून ती तिथेही स्वतः फोकस करते. माझी ५० डी तिथेही हातानेच फिरवावी लागते.

दुसरी गोष्ट बुरशीची. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरा येतो, मग लेन्सची काय कथा! विक्रेता कितीही ओळखीचा असला तरी दोन्ही बाजूंची झाकणे काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्यावेत. कोळिष्टकासारखे तंतू काचेच्या कडेकडून आत शिरताना दिसले, तर लेन्स तशीच परत करावी. ३५ मिमीच्या मागच्या बाजूला अ‍ॅपर्चरची एक छोटी दांडी असते. ती नखाने हलकेच सरकवून सोडली की पाती झटकन परत आली पाहिजेत. आळसावली, तर पात्यांवर तेल आलेले असते. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नये, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. पुण्यातही जुलैमध्ये हे करावे.

नवखा पादचारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे दोन्ही गोष्टी करून मगच लिहीत आहे.

दाखवण्याजोगी म्हणून निवडायला बसलो तर सहा महिन्यांतली एकोणीसच निघाली, हा पहिला धक्का होता. त्यांतली अकरा २८ ते ४० मिमीच्या दरम्यानची आहेत. अगदी १८ मिमीवर काढलेली ढीगभर होती, पण त्यांतली दोनच टिकली. बाकीच्यांत रस्ता फार आणि माणूस कुठेतरी कोपऱ्यात, असा प्रकार होता.

चिकटपट्टीचा रविवार पहिला अर्धा तास चिडचिडीत गेला. बोट सवयीने कडीकडे जाई आणि पट्टीवर अडखळे. तुळशीबागेच्या बोळात रामाच्या देवळाचे शिखर काही केल्या चौकटीत येईना, तेव्हा मी ते सोडून दिले. तांबट आळीत मात्र उलटे झाले. दुकानाच्या उंबरठ्यावर टेकलो आणि समोरचे अंतर बरोबर दोन मीटर निघाले. कारागीर, घंगाळ आणि त्यांचा डावा पाय सारे काही चौकटीत बसले. भट्टी आली नाही आणि तिची उणीवही भासली नाही. हातोडीचा फराटा अर्थातच पुन्हा आला, कारण लेन्स तीच होती.

म्हणून ३५ मिमी घेण्याचे ठरवले आहे. १८-५५ विकणार नाही. देवळाची शिखरे आणि मंडईची अष्टकोनी इमारत तिच्याकडे राहील. वापरलेल्या दोन ३५ मिमी येत्या शनिवारी पाहायला जात आहे, टॉर्च घेऊन. एवढेच विचारायचे आहे की त्या दुकानात पहिल्या दिवशी कॅमेऱ्याची मांडणी काय ठेवावी?

अंधारखोली

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवावा: एफ/२, १/२०० सेकंद, आयएसओ ६४००. आपल्या जुन्या छायाचित्राइतकाच उजेड यात मिळतो आणि फोकसचा पट्टाही किंचित रुंदावतो. फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर धरावा, हातोडीवर नव्हे. ती फोकसला दाद देत नाही. डी५६०० सेकंदाला पाच छायाचित्रे काढतो, पण सुरुवातीला तो मोह टाळून आधी ठोक्यांची लय कानाने ऐकावी. हातोडी वर गेली की खाली येण्यापूर्वी क्षणभर हवेत थांबते. बटण तेव्हा दाबावे.