मदत हवी आहे: आगळ (कोकमाचा खारवलेला रस) कुरिअरने कसं पाठवता?

मालवण बाजारपेठेत आमचं छोटं दुकान आहे. सोलं (सुकवलेली कोकमं), कुळथाचं पीठ, मालवणी मसाला. ऑनलाइन विक्रीचा विषय काढला की बाबा म्हणतात, "गिऱ्हायक सोला दाबून बघता, मगे घेता. मोबायलात काय दाबतला?" १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेच्या आत उलाढाल असेल तर राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकायला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, नुसता नावनोंदणी (एनरोलमेंट) क्रमांक पुरतो, हेही दाखवून झालं. ढिम्म!

त्यात गेल्या पावसाळ्यात पुण्याला पाठवलेली आगळाची बाटली वाटेत फुटली. खोका लालभडक होऊन पोचला. तेव्हापासून माझंच तोंड बंद आहे.

तुमच्यापैकी कोणी आगळ पाठवतं का? बाटली कुठली वापरता, झाकण कशाने सील करता? आणि गणपतीनंतर चाकरमानी खरंच ऑर्डर देतात का?