पानशेतवर प्रॅक्टिस करून मोलोकाईची पॅडलबोर्ड रेस जमेल का?

पाणकावळा_कोथरूड:
मंडळी, हवाईतली मोलोकाई ते ओआहू, या दोन बेटांमधली पॅडलबोर्ड रेस इथे कोणी फॉलो करतं का? ३२ मैल, म्हणजे जवळजवळ ५२ किमी, मधे कैवी चॅनलचा समुद्र. मी रविवारी पानशेतच्या बॅकवॉटरला उभ्याने पॅडल मारतो, बोर्ड फुगवायचा आहे, वीसेक किमीला काही वाटत नाही. दोन-तीन वर्षांत तिथे उतरता येईल का, की उगाच हवेत इमले बांधतोय? घरी अजून बोललो नाहीये.

खारं_पाणी:
भावा अंतराचं सोड, तिथे वारा आणि लाटा मागून येतात आणि त्या पकडत जायचं असतं, तोच खरा खेळ. ऑस्ट्रेलियाचा जेमी मिचेल २००७ ला ४ तास ४८ मिनिटांत गेला, तेही वल्ह्याशिवाय, बोर्डवर पालथं पडून नाहीतर गुडघ्यावर बसून नुसत्या हातांनी! दंडात कितीही जोर असू दे, लाटेवर घसरल्याशिवाय हा स्पीड येतच नाही. पानशेतला ती लाट कुठून आणणार?

बोटक्लबवाला:
आणि शेवट वाईट आहे. ओआहूच्या टोकाला चायना वॉलचे कडे आहेत, तिथे आपटून लाट उलटी येते, मग वळून खाडीत शिरलं की इतका वेळ पाठीवर असलेला वारा तोंडावर. लोक तिथेच मोडतात. सोबत एस्कॉर्ट बोट कंपलसरी असते ते उगाच नाही. एडी आयकाऊ तर हवाईचा लाइफगार्ड, १९७८ मध्ये मोलोकाईजवळ होकुलेआ ही त्यांची शिडाची जोडहोडी उलटल्यावर मदत आणायला सर्फबोर्डवर निघाला तो सापडलाच नाही, बाकीचे वाचले.

खारं_पाणी:
त्यात रेस जुलैअखेर, नेमका आपला समुद्र बंद. म्हणून समुद्रावरचं सगळं मेच्या आधी उरकायचं. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर कोकणात वायव्येचा वारा चढतो, तेव्हा मालवणहून खाली वेंगुर्ल्याकडे सुटायचं, वारा पाठीशी राहतो. होडीवाला सोबत हवाच, धरमतर ते गेटवे पोहणारे नेतात तसा. फुगवायचा बोर्ड तिथे चालायचा नाही, १४ फुटी कडक बोर्ड बघ (तो जिन्यातून वर कसा नेणार ते तुझं तू बघ).

बोटक्लबवाला:
पहिल्यांदा रिले टीममधून जा की, निम्मं निम्मं. सोलोचा हट्ट कशाला?

पाणकावळा_कोथरूड:
रिलेचं डोक्यातच नव्हतं, पार्टनर शोधतो. मालवणात भरवशाचा होडीवाला कोणाच्या ओळखीचा असेल तर मेसेज टाका, डिझेलचे पैसे वेगळे घेतात का तेही सांगा.